उचल

चार नंबरच्या खोलीत
पलंगाच्या डोक्याशी
काचेखाली जपून ठेवलाय भिंतीचा एक चौकोन,
वहीच्या पानाएवढा.
बाकीची भिंत आता ताकाच्या रंगाची.
चौकोन तेवढा निळा, पोपडे धरलेला,
आणि त्यावर पेन्सिलीने केलेला हिशेब.

अथेन्सहून आलेल्या आर्किटेक्टबाईंनी
रंगाचे अकरा थर खरवडले तेव्हा तो सापडला.
त्या दिवशी त्यांनी सगळ्या मजुरांना आइस्क्रीम दिलं.

पाहुणे फोटो काढतात.
विचारतात, कविता आहे का?
मी म्हणते, नाही. उचल आहे.

ही खोली म्हणजे काराफिलाकींची पेढी.
दारावरचे खांब, त्रिकोणी कपाळपट्टी,
छतावर रंगवलेली द्राक्षं,
सगळं स्पंजच्या पैशांतून उभं राहिलेलं.
ईस्टर झाला की पाणबुडे
या जिन्यावर रांग लावायचे, टोप्या हातात घेऊन.
उन्हाळ्याआधी पैसे घ्यायचे
आणि उन्हाळाभर फेडायचे
आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, तीस-तीस वाव खोल.

तिसरी ओळ :
सेवास्तोस, बावीस लिरा.

माझ्या आजीचा बाप.
त्या वर्षी दोरावरच्यांनी घाई केली.
एवढंच. घाईने उचलला त्याला.
पाय तिथेच राहिले, आजी म्हणायची,
बाकीचा माणूस बोटीने घरी आला
आणि एकतीस वर्षं उंबऱ्यात बसून
जाळी विणत राहिला,
येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गुडघ्यांकडे बघत.

पैसे अंगावर राहिले.
मग आजी, वय वर्षं नऊ,
या घरच्या चादरी धुवायला लागली.
अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं होतं.
आता त्यात दिवे सोडलेत,
काठावर पोहायच्या वेळांची पाटी.

राखेच्या पाण्याने तिच्या बोटांचे ठसे गेले.
म्हातारपणी ओळखपत्र काढताना
कारकुनाने तीनदा शाई लावली,
तिन्ही वेळा कागदावर
नुसते काळे गुळगुळीत खडे.

आता गोष्ट अशी आहे
की सेवास्तोसच्या नावावर काट मारलेली आहे.
एकच रेघ, आडवी, इतका जोर देऊन
की शेवटाला पेन्सिलीचं टोक मोडलंय.

म्हणजे फिटलं.
पण कधी?
आजी पहिल्यांदा टाक्याशी वाकली त्याच्या आधी,
की दहा वर्षांनी, तिचं लग्न ठरल्यावर?
की म्हाताऱ्या मालकाने एका रात्री माफ केलं
आणि खाली धुणाऱ्या पोरीला सांगायचं राहून गेलं?
की हिशेबच नाही हा,
नुसतं, माणूस बाद?

आर्किटेक्टबाईंना विचारलं होतं मी.
त्या जवळ गेल्या, चष्मा कपाळावर सरकवला,
बराच वेळ बघून म्हणाल्या,
रेघ अस्सल आहे.

आज ऑक्टोबरची अखेर.
शेवटचं जोडपं दुपारच्या बोटीने गेलं.
त्या बाईने न्हाणीघरातल्या टोपलीतला
अठरा युरोंचा स्पंज घेतला, छातीशी धरून विचारलं,
इथल्याच समुद्रातला ना?
मी हसले.
खोक्यावर फ्लोरिडा लिहिलेलं असतं,
खोकं तळघरात असतं.

चादर ओढली. खिडक्यांच्या झडपा लावल्या.
व्हिनेगरचा बोळा काचेवरून फिरवला.
ज्याने कुणी ती रेघ ओढली
त्याने डावीकडून उजवीकडे ओढली,
मोडलेलं टोक उजवीकडे आहे.
मी उजवीकडून डावीकडे पुसते.
सात वर्षं झाली. सवय.

खालून पोलिदोरोस हाका मारतोय,
थेमेलिना, बोट सुटेल!
धुणं आता मोठ्या बेटावर जातं, गोण्या भरून.
तो पोरगा म्हणतो, मावशी, बारा चादरी, माहीत आहे मला,
रोज काय मोजायच्या?

मी मोजते.
त्याच्याच पेनने त्याची सही घेते,
आणि पावती घडी घालून
एप्रनच्या आतल्या खिशात ठेवते.