उचंत खाते

ज्या रकमेचं घर सापडत नाही
तिला तोवर बसायला दिलेली ओसरी,
ते उचंत खातं.
एम.कॉम.ला हे दोन ओळींत लिहिलं होतं.
दोन मार्कांना.

रात्रीचे साडेदहा. कोपरखैरणे, माथाड्यांच्या खोल्या.
सुमैया परकार ओढणीचा टाय बांधून
प्लास्टिकच्या खुर्चीत साहेब झालीय.
‘घसारा म्हणजे काय?’
सरळ रेषा पद्धत, घटती शिल्लक पद्धत.
‘उदाहरण?’
आमचा फ्रिज.
‘ए बाई, तिथे घरचं काही काढू नकोस.
लॅपटॉप म्हण. कंपनीचा लॅपटॉप.’
आम्ही दोघी हसतो, तोंडावर हात धरून,
कारण पडद्यापलीकडे तात्या पडलेत
पाठीला पट्टा लावून.

बायोडेटाच्या नऊ प्रती, पाच रुपये पान.
त्यात मधेच चौदा महिने कोरे,
जणू तेवढ्यापुरती प्रिंटरची शाई संपली.
‘हे विचारणारच,’ सुमैया म्हणते,
‘काहीतरी कोर्स केला म्हण.’

मसाला मार्केटात तात्या तोलणार होते.
घरी आले की त्यांच्या सदऱ्याला आई
दाराबाहेरच झटकायची, तरी आम्ही शिंकायचो.
इलेक्ट्रॉनिक काटे आले, त्याच वर्षी पाठ गेली.
मग बोर्डाच्या खिडकीशी मी.
सतरा खेपा. एकदा जेवणाची सुट्टी,
एकदा साहेब रजेवर, एकदा झेरॉक्स पुसट.

तात्यांची वही होती, लाल पुठ्ठ्याची,
रोजच्या गोण्या, रोजची तारीख,
बॉलपेन अडलं तिथे कागद खरवडलेला.
बोर्डाचं पासबुक वेगळंच बोलत होतं.
जमिनीवर दोन्ही उघडी ठेवून
मी पट्टी सरकवत बसले
दिवाळी होईपर्यंत.

याचा दाखला कोण देतो?

महापे. सातव्या मजल्यावर
थंडी इतकी की सुमैयाकडून आणलेला ब्लेझर खरोखर उपयोगी पडला.
तिघे होते. बोलत एकच होत्या,
चष्मा कपाळावर ढकललेल्या बाई.
नावे काय, जमा काय, तेरीज जुळली
म्हणजे चूक नाही असं म्हणता येईल का?
नाही, म्हटलं मी. दोन चुका
एकमेकींना झाकूही शकतात.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
मग पान उलटलं.
‘ताळमेळाचं प्रत्यक्ष काम केलंय कधी?
आणि हे चौदा महिने?’

कोर्स, म्हणायचं होतं. जिभेवर होता कोर्स.
पण निघताना तात्या म्हणाले होते, कुशीवर वळत,
‘गोण टाकल्या टाकल्या काटा वाचायचा नसतो.
थरथरतो तो. थांबू द्यायचा.’

मी थांबू दिला.
एसीचा आवाज ऐकला.
मग सांगितलं: दोन वह्या होत्या, माणूस एकच.
एकीत त्याचे दिवस दोनशे त्रेसष्ट,
दुसरीत दोनशे बावीस.
फरक एक्केचाळीस. एकेका तारखेला धरून आणलं.
कुठे आडनाव चुकलं, कुठे टोळी बदलली,
एक अख्खा मार्च दुसऱ्याच कुणाच्या नावे.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
‘सापडले सगळे?’

एकोणचाळीस.
‘आणि दोन?’
ते अजून उचंत खात्यात आहेत.

कोणी हसलं नाही. डावीकडचा
मोबाइल बघत होता तो वर बघू लागला, इतकंच.
‘कळवतो,’ म्हणाले.
सगळे हेच म्हणतात,
हे मला नऊ प्रतींपैकी सहाव्या प्रतीला माहीत झालेलं आहे.

स्टॉपवर एनएमएमटीची वाट बघताना
सुमैयाचा मेसेज: कोर्स सांगितलास ना?
उत्तर टाइप केलं, खोडलं.
बस आली ती तुर्भ्याची, सोडून दिली.

घरी तात्यांनी पगार विचारला नाही,
पोस्ट विचारली नाही.
उशी सरळ करून म्हणाले,
‘ते दोन दिवस...
एक तू झालीस तेव्हाचा असेल बघ.
गेलोच नव्हतो मी त्या दिवशी.
वहीत मात्र उगाच लिहिला.’

मी लाल वही काढली.
पेन्सिल घेतली.
आता राहिला एक.