पुरे म्हणायचं असतं

इझमीरला, ताईच्या गल्लीच्या तोंडाशी
एकजण शिंपले विकतो.
आत मसाल्याचा भात, वर लिंबू पिळून
एक उघडतो, हातावर ठेवतो,
तो संपायच्या आत दुसरा.

आम्ही उशाकची, डोंगराकडची माणसं.
पुढे केलेलं परत फिरवू नये
एवढंच बाबांना ठाऊक.
तेवीस खाल्ले त्यांनी, उभ्याउभ्या,
घाम पुसत, छान आहे, छान आहे करत.
आईने डोळे वटारले, कोपर मारलं.
मागे फेरीबोटीचा भोंगा,
कुणाच्या तरी वरातीच्या गाड्या,
माझ्या तिळाच्या पावावर टपलेला सीगल.

"बाबा, पुरे म्हणायचं असतं!"
मेल्तेमताई हसून हसून फुटपाथवर बसली.
"नाहीतर तो देतच राहतो."
त्याने टरफलं मोजली, पैसे सांगितले.

रात्री बसस्टँडवर
ताईने पिशवीत अंजिरं घातली,
मग ऑलिव्ह, मग साबणाच्या वड्या,
मग अंगातला स्वेटर काढून, आईला होईल म्हणत.
ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला.

बाबा पिशवीचं तोंड उघडं धरून उभे.
दुपारी शिकवलेला शब्द
त्यांना काही केल्या आठवेना.