दहा तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
फुकट हलत नाही.
दहा तेत्रीचं नाणं टाका, मगच ती
दमेकऱ्यासारखी खोकत वर निघते.
नवव्या मजल्यापर्यंत एक मिनिट दहा सेकंद.
मोजलंय मी. मोजायची सवयच आहे;
रुग्णवाहिकेच्या फोनवर बारा-बारा तास
परक्यांचे श्वास मोजते.

पूर्वी तिथला आवाज तसाच घरी यायचा.
ताम्ताने दूध सांडलं की मी विचारायची,
"नेमकं कुठे? किती वेळ झाला?"
आधी हसायची पोर. मग हसेनाशी झाली.
सासूबाई टीव्ही मोठा करायच्या,
आणि झुराब बाल्कनीत
विझलेली सिगारेट तोंडात धरून उभा.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दीर्घ श्वास घेत जा.
बाई, तेच तर सांगून पोट भरते मी.

मग एका गुरुवारी
सहाव्या-सातव्याच्या मध्ये लिफ्ट अडकली.
दिवा गेला. फोनला रेंज नाही.
खाली म्हातारा ओतार
स्क्रू पिळत कुणाकुणाच्या आईचा उद्धार करत होता.
मला कुणाला वाचवता येत नव्हतं.
हातात शोतीचा गरम पाव होता.
त्याचं टोक मोडलं, खाल्लं.
मग दुसरं टोकही.
दार उघडलं तेव्हा लक्षात आलं,
खांदे कानांपाशी नाहीत,
खांद्यांच्या जागी आहेत.

तेव्हापासून खिशात दोन नाणी.
नववा येतो, दार उघडतं, मी उतरत नाही.
खाली जाते, पुन्हा वर येते.
गंमत बघा, उतरणं फुकट आहे,
पैसे चढायलाच पडतात.

दोन नाणी पुरतात असं नाही.
काल फोनवर एक मुलगा होता,
आजोबा उठत नाहीत म्हणाला,
आणि मला आजोबांचं नाव सांगत राहिला,
जणू नावाने मी त्यांना हाक मारणार होते.
चार फेऱ्या मारल्या.
तरी दारात ताम्ताची चप्पल आडवी दिसली आणि
तोंडातून निघालंच, "नेमकं कुठे—"

ती काही बोलली नाही.
आत गेली, दप्तर उपसलं,
माझ्या तळव्यावर एक नाणं ठेवलं
आणि चप्पल घालून
माझ्या आधी लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली.

पावाचं एक टोक शिल्लक होतं.
तिने अर्ध्याहून जास्त खाल्लं.