तूट

सकाळी मार्केट यार्डात गुळाचे रवे लिहितो.
दहाचा, तीसचा, कुणाच्या नावावर किती नग,
हमाली, तोलाई, तूट.
बोटाची शाई गुळाला, गुळाचा चिकटा वहीला,
पानं सुटता सुटत नाहीत.

संध्याकाळी तोच हात
कोर्टाच्या कडेला, टेबलाशी.
तिथं रकाने बारीक, पेन्सिल टोकदार,
आणि मागून कुणीतरी विचारतोच,
'काका, गोल दोनचा धरला का तीनचा?'
फुटबॉलचं गाव आहे. गोल म्हणतात. म्हणू देत.

काल रात्रीचा कागद असा:
कोल्हापूर अठ्ठ्याहत्तर, नागपूर शहात्तर.
एकोणीस, बावीस, चौदा, तेवीस.
(त्या चौदाला आख्खा हॉल गप्प बसला होता,
चहावाल्याची किटलीसुद्धा.)
लांबून चोवीस मारले, सात बसले.
फ्री थ्रो एकोणिसातले अकरा;
त्यावर कोच जे बोलले
ते लिहायला रकाना नाही.

आठ नंबर, घोरपडे, गुण एकतीस.
पेपरात फोटो त्याचा.
चौदा नंबर, शार्दूल मगदूम, कागलचा:
मिनिटं तेहेतीस, गुण तीन, रिबाउंड सहा,
असिस्ट चार, फाऊल चार.
तो लाकडावर आडवा पडला तिथं
घामाचा एक माणूस उमटला होता.
पोरानं फडक्यानं पुसला.

सामना संपल्यावर तोच आला टेबलाशी,
गुडघ्याला बर्फाची पिशवी, भार एका पायावर.
'काका, माझा एक राहिलाय.
दोन मिनिटं अकरा सेकंद होते बघा,
घोरपडेला लांबचा दिलेला.'
मी कागदावर बोट फिरवलं.
दोन अकरा: रिबाउंड, चौदा नंबर.
दोन आठ: दोन गुण, आठ नंबर.
मध्ये काही नाही.

काय झालं ते मला तिथंच कळलं.
बोर्डावरून त्यानं चेंडू ओढला,
मी मान खाली घातली
त्याचाच रिबाउंड लिहायला.
मान वर केली तेव्हा जाळी हलत होती.

मधल्या तीन सेकंदांत चेंडू सरळ गेला
का आणखी कुणाच्या हाताला लागून,
टिप्पा एक पडला का तीन?
नसीमताईंना विचारलं.
त्या घड्याळाकडे बघत होत्या, तेच त्यांचं काम.
फलकावरच्या पोराची नजर रिंगवर.
बाराशे तिकिटांनी तो पास पाहिला,
टेबलावरच्या तिघांनी नाही.

'तू म्हणतोस ते खरं असेल रे,' म्हटलं,
'पण मी बघितलं नाही.'
तीस वर्षं झाली,
काट्यावर न चढलेलं वजन
या हातानं लिहिलेलं नाही.
हे त्याला सांगायचं कशाला, म्हणून सांगितलं नाही.
'असू दे काका,' तो म्हणाला,
'शंभर व्हायचे होते. नव्याण्णव झाले.'
सामने वीस. करारात सरासरी पाच.
हे तो नाही बोलला,
तो लंगडत गेल्यावर मॅनेजर बोलला,
खुर्च्या मोजता मोजता.

आज सकाळी पहिला ढीग काट्यावर चढला.
शेठ सवयीनं म्हणाले, शेकडा एक धर.
धरला.
गुऱ्हाळातून इथवर येईस्तोवर गूळ थोडा झडतोच,
कुठं जातो विचारत नाही कुणी,
घेणारा नाही, देणारा नाही.
मी ओळ पुरी केली, खाली रेघ मारली,
आणि मान वर केली
तर गाडी केव्हाच निघून गेलेली.