खुर्चीएवढ्या उंचीवर

नवी डिश बसवायला बोलावलं होतं मला.
तारेबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

हिइउमा बेटाचं उत्तर टोक, मार्चचा शेवट,
खाडीत अजून बर्फाचे तुकडे एकमेकांना घासताहेत,
आणि आर्वोच्या लाकडी घराभोवती
हिरवी पडलेली तांब्याची एक तार:
पडवीच्या खांबापासून निघते, सरळ जायचं सोडून
सरपणाच्या खोपीला शिवते,
सफरचंदाच्या झाडापाशी उगाच काटकोनात वळते,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून
घरच्या मांजरीसारखी, न विचारता, आत शिरते.

एकतीस वर्षं अँटेना बसवतोय मी.
ती उंच हवी, हे शेंबडं पोरही सांगेल.
ही सगळीकडे सारखीच बुटकी.
चिनीमातीचे इन्सुलेटर नाहीत,
खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांचे गळे आहेत;
आणि झाडापाशी, जिथे ताण सगळ्यात जास्त,
अत्तराची एक कुपी.
कुठल्या शहाण्याचं काम हे, मी मनातल्या मनात हसलो.

मग गाठी पाहिल्या.
वायरमन पीळ देतो, डाग देतो, मोकळा होतो.
या गाठी जाळ्याच्या होत्या,
फाटलं जाळं सांधणाऱ्या बोटांच्या,
ओढाल तितक्या आवळणाऱ्या.

"तुमचं काम?" मी आर्वोला विचारलं.
वय सत्त्याऐंशी; खिडकीशी बसून बटाटा सोलत होता.
"छे. मला वाटायचं वीज मंडळाची असेल.
हिल्या तिच्यावर मोजे वाळत घालायची."

वीज मंडळ खुर्चीवर चढून काम करत नाही,
माझ्या तोंडून निघून गेलं,
आणि तेव्हाच कोपऱ्यातली खुर्ची दिसली:
पाय मातीने काळवंडलेले,
एका पायाला वाळलेलं शेवाळ.

तारेचं आतलं टोक चुलीमागच्या खिळ्याला होतं.
वर फळी, फळीवर रंगाचा फिकट चौकोन,
रेडिओएवढा.
बाहेर जाऊन दिशा काढली.
त्या बिनकामाच्या काटकोनानंतर तारेची लांब बाजू
वायव्येच्या समुद्राला बरोबर आडवी पडत होती.

"तुमच्या बोटीवर वायरलेस होता?"
"सगळ्याच बोटींवर. दिवसभर नुसती बडबड."
"आणि घरी यायचात तेव्हा?"
"सूप गरम. पहाटे तीनला आलो तरी,
धुक्यात दोन दिवस अडकून आलो तरी.
चाळीस वर्षं. मी दोस्तांना सांगायचो,
बायकोला समुद्राचा वास येतो."

सुरी थांबली.
सालाची लांब पट्टी हवेत लोंबत राहिली.
आधी त्याचे कान लाल झाले, मग मान.
"म्हणजे त्या वर्षी... इंजिन बिघडलं होतं
असं मी जे तिला सांगितलं..."
पुढचं वाक्य त्याने गिळलं.
मी सफरचंदाच्या झाडाकडे पाहू लागलो.
त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

बऱ्याच वेळाने एक आवाज आला,
हसण्यासारखा, खोकल्यासारखाही.
"एक शब्द बोलली नाही.
त्या रात्रीही सूप गरमच होतं.
मीठ जास्त होतं.
आता आठवतंय."

डिश मी घराच्या दुसऱ्या अंगाला लावली.
तार काढू का, हे विचारलं नाही.
बिलावर लिहिलं: जुनी तार तपासली, दोष नाही.
तपासणीचे पैसे लावले नाहीत.