थाटीपूरची नर्सरी

माघ सरत आला.
पानांवर अजून कोहऱ्याचं पाणी,
आणि कुशवाह मला जूनचं विचारतो:
"छत पे रखोगे? पच्छिम में?"
हो म्हटल्यावर त्यानं हायड्रेंजिया
गुपचूप मागं सारली,
लहान मुलासमोरून सुरी उचलावी तशी.

मग पुढं केली ती जाड पानांची,
चिकाची, कडवट, थोडी केसाळ.
लूत तगणारी.
आम्हा टोकेकरांत खपून जातील.

पैसे दिले, स्कूटरवर कुंड्या बांधल्या,
किक मारली, बंद केली,
परत आत जाऊन
वीस रुपयांचं पॅन्सीचं रोप घेतलं
जांभळं, मांजरीच्या तोंडाचं.

"चैत नहीं देखेगा ये, भाईसाब."

नको बघू दे.
सुमेधाच्या पायाचं प्लास्टर
होळीला निघतंय.
तोवर खिडकीत
कुणीतरी हवं,
तिच्याकडे बघणारं.