मेस्त्रेला सहा मिनिटं

जेवणाच्या टेबलावर आल्प्स पसरलाय.
कोपऱ्यावर शेंगाचटणीची बरणी ठेवलीय, नाहीतर
पंख्याच्या वाऱ्यानं ब्रेनरची खिंड उडून जाते.
बाहेर चव्वेचाळीस अंश. अशोक चौकात
डांबर चप्पल धरून ठेवतंय.
राजेशम विचारतो, सप्टेंबरात वर बर्फ असेल का गं?
मी म्हणते, नकाशात पांढरं आहे, म्हणजे असणार.

पाच दिवस चालायचं, एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत.
झोपडी आपली म्हणायची. दगडी, दुमजली,
आणि एका रात्रीचं भाडं ऐकून
राजेशमनं भिशीचा हप्ता दोनदा मोजला.
झोपायची खोळ आपली आपण न्यायची, असा तिथला नियम.
त्यानं चादर काढली, लग्नातली, मोरांची.
काट्यावर ठेवली : पावणेदोन किलो.
पाठीवर सगळं मिळून सहा चालतं.
कात्री हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला,
मग चादर घडी करून आत ठेवली
आणि बापाचं धोतर उसवायला बसला.

सराव म्हणजे स्टेशनचा पादचारी पूल.
पहाटे साडेपाचला, पाठीवर ज्वारीची पिशवी,
वर, खाली, पुन्हा वर, चाळीस फेऱ्या.
या बाजूला देवानं चढ ठेवलाच नाही,
जो आहे तो रेल्वेनं बांधला.
मल्लप्पा हमाल म्हणतो, मॅडम, तुमी रिटायर झालता न्हवं?
राजेशम पुढून तेलुगूत ओरडतो : पद, पद!
एकविसाव्या फेरीला उजवा गुडघा बोलायला लागतो.
ते मी घरात अजून सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसून
मी माणसं पाठवली. वाडी, गुंटकल, दादर, तिरुपती.
काचेखालच्या फटीतून नुसते हात यायचे,
मेंदीचे, सिमेंटचे, थरथरणारे,
आणि समोर विम्याच्या कॅलेंडरचा एक जून महिना,
हिरवा उतार, त्यावर एक गाय,
जो कुणी कधी उलटलाच नाही.

म्हणून सांगते, ही गोष्ट मला पटत नाही :
ब्रेनरहून वेरोना, वेरोनाहून मेस्त्रे,
आणि मेस्त्रेला पुढची गाडी सहा मिनिटांत.
सहा मिनिटं!
सहा मिनिटांत कुर्डुवाडीचा चहा निवत नाही.
मी म्हणाले, ही सोडू, पुढची धरू, दोन तास बसू.
तो म्हणाला, चुकली तर चुकली.
जन्मभर खिडकीच्या आत होतीस,
एकदा चुकलेली गाडी फलाटावरून तरी बघ.

आल्प्स माझा. ती पुढची गाडी त्याची.
अकरा वर्षं टॉवेलच्या गठ्ठ्यांवर
पत्र्याच्या साच्यातून काळ्या शाईनं
त्यानं एकच नाव उमटवलं : त्रिएस्त.
इंग्रजी वाचता येत नव्हतं तेव्हा खुणेनं ओळखायचा,
दोन हातोडे, दोन कंगवे, मधे एक साप.
गाव आहे की मालकाची बायको, कुणी सांगितलं नाही.
मग ऑर्डरी थांबल्या. कारखान्याच्या जागी
आता मंगल कार्यालय आहे, पार्किंगसकट.
त्याला तिथं काही बघायचं नाही.
कुठल्यातरी लॉजात तोंड धुऊन
टॉवेलची किनार उलटून बघायची आहे, बस.

व्हिसाच्या अर्जात रकाना आहे : प्रवासाचा हेतू.
मी पर्यटन लिहिलं.
त्यानं वाचलं, चष्मा पुसला, काही बोलला नाही.

रात्री पाण्याला उठले तर
माझी नवी कोरी सॅक वर्तमानपत्रावर पालथी
आणि हा उकिडवा बसलेला, हातात तोच साचा,
कडेला गंजलेला, शेवटचा कंगवा दाते पडलेला.
हलवू नकोस, म्हणाला, ओलं आहे.

मी दिवा तसाच ठेवला.
वेळापत्रकात मेस्त्रेसमोर
दोन तास खोडलं, पेन्सिलीनं लिहिलं :
सहा मिनिटं. सॅक आधीपासून पाठीवर.
दाराशी उभं राहायचं.